धिरड्यांचं प्रकरण

"पुढचं," हे म्हणाले.

"तीनशे ऐंशी," मी म्हटलं आणि पानावरचे पहिले चार-पाच इंग्रजी शब्द मोठ्याने वाचले.

ह्यांनी समोरच्या जाडजूड बाडात बोट फिरवलं. शब्द सापडले तसा शिसपेन्सिलीने पानाच्या कोपऱ्यात आकडा टाकला आणि पान उलटलं. "पुढचं."

मे महिन्यातली परभणीची दुपार. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि गार हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. मधल्या खोलीत सतरंजी अंथरून आम्ही नवराबायको समोरासमोर बसलो होतो. माझ्या मांडीवर अमेरिकेतून आलेलं नवंकोरं पुस्तक आणि ह्यांच्या मांडीवर त्याच पुस्तकाची जुनी झेरॉक्स, कापडी पुठ्ठ्यात बांधलेली, कडांना तेलाने पिवळी पडलेली. सकाळपासून हेच चाललं होतं.

"आर्कान्सॉ," हे मध्येच म्हणाले.

"काय?"

"मघाशी तू आर्कान्सास वाचलंस. उच्चार आर्कान्सॉ आहे."

"मी आयुष्यभर नकाशात आर्कान्सासच दाखवत आले. एकाही पोराचं त्यावाचून अडलं नाही. भूगोलाच्या बाईंकडून फुकट काम करून घ्यायचं आणि वर उच्चार बघायचे?"

हे हसले. हसले म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. पण त्या दिवशी स्वारी खरोखर खुशीत होती. दाढी केली होती, धुतलेला झब्बा घातला होता. घरात बसून आकडे घालायला इतका नट्टापट्टा कशाला, असं मी विचारलंसुद्धा. तर म्हणाले, "आज पुस्तक पुरं होतंय, कुमुद."

हे कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. दैठणकर सर म्हटलं की गावात चहावालाही घर दाखवायचा. तरुणपणी हैदराबादला कसल्याशा शिबिरात ह्यांनी एका अमेरिकन कादंबरीकाराबद्दल ऐकलं आणि त्या माणसाने आमच्या संसारात बिऱ्हाड केलं. त्याचं नाव माझ्या तोंडाला कधी नीट आलंच नाही. मी त्याला "तुमचा अमेरिकन" म्हणायचे आणि त्याच्या कादंबरीला "माझी सवत". त्या काळी तसलं पुस्तक आमच्याकडे कुठून मिळणार? ह्यांच्या हैदराबादच्या एका मित्राने तिथल्या वाचनालयातल्या प्रतीची झेरॉक्स काढून एसटीने पाठवली. पुस्तक इतकं जाड की ते यंत्राच्या काचेवर धड बसेना. प्रत्येक पानाची खालची एक पट्टी कापली गेली आणि तिच्याबरोबर पानाचा आकडाही गेला. मित्र हुशार. त्याने पुस्तकात जिथे जिथे कोरं पान येत होतं तिथे गठ्ठा तोडला, सुतळीने बांधला आणि वर क्रमांकाची चिठ्ठी लावली. पण एसटीच्या टपावर शेजारी कुणाचा तरी गोडेतेलाचा डबा होता. तो कलंडला. गठ्ठे घरी आले तेव्हा चिठ्ठ्यांवरची शाई तेलात विरघळून गेली होती.

मग ह्यांनी ह्याच मधल्या खोलीत गठ्ठे पसरले, प्रत्येकाची पहिली-शेवटची पानं वाचून वाचून क्रम लावला. आमची केतकी तेव्हा पहिलीत होती. गठ्ठ्यांवर उड्या मारते म्हणून दिवसभर बापाचा ओरडा खात होती. शेवटी सगळं बाड नूरभाई बाइंडरकडे गेलं. नूरभाई म्हणाला होता, "सर, नंबर न्हाईत. तुमी द्याल तसं शिवतो, मग मला बोल लावू नका." हे म्हणाले, "तू शिव रे, माझं सगळं लावून झालंय."

दुसरं कुठलंही पुस्तक असतं तर त्यात काही चुकलंय का हे वाचताना कुणालाही कळलं असतं. पण हे पुस्तक म्हणजे मुलखाचं तऱ्हेवाईक. गोष्ट नेब्रास्कातल्या हवामान खात्यातल्या एका कारकुनाची. मध्येच एक प्रकरण नुसत्या तारऑफिसातल्या तारांचं, एक आगगाडीच्या वेळापत्रकाचं, एकात तळटीपा पानापेक्षा मोठ्या आणि त्या तळटीपांना आणखी तळटीपा. प्रकरणांना नावं नाहीत, आकडे नाहीत. माणूस कुठून कुठे जातो काही कळत नाही. मी एकदा दोन पानं वाचून बघितली आणि ह्यांना म्हटलं, "ह्याला ताप चढलेला असताना लिहिलंय का?" तर हे म्हणाले, "तेच तर, कुमुद. ह्याला क्रम नकोच आहे. आपल्याला क्रमाची सवय लागलीये, हा ती मोडतो."

ते सगळं तोंडानेच. पुस्तक ह्यांनाही झेपलं नव्हतं. तिसरा हिस्सा वाचून ते माळ्यावर टाकलं आणि तिथेच राहिलं.

केतकी पाचवीत असताना गेली. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, मग दवाखाना, आणि मग मी एकटीच तिचा फ्रॉक हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. हे रडले नाहीत. लोक भेटायला आले, ह्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं. दिवस झाल्यावर माळ्यावरून ते तेलकट बाड काढलं आणि त्यात डोकं घातलं ते महिनोन् महिने. कॉलेजातून आले की बाड. मी बोलायला गेले की "हं" म्हणायचे. मी मनातून ह्यांना सोडून दिलं होतं, खरं सांगते. एकाच घरात दोन माणसं आपापलं रडं सांभाळत राहतात तसे आम्ही राहत होतो.

आणि एका संध्याकाळी मी कणीक तिंबत असताना हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. डोळे तारवटलेले. म्हणाले, "कुमुद, ती परत येते."

माझ्या हातातली परात निसटली. मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं.

मग ह्यांनी मला पाटावर बसवून सांगितलं. त्या कारकुनाला एक मुलगी असते, मेबल. नऊ वर्षांची. एका प्रकरणात ती बर्फात सापडते आणि मरते. बर्फात तिची लाल लोकरीची टोपी पडलेली असते. त्यानंतर एक कोरं पान. आणि पुढच्या प्रकरणात सकाळ झालेली असते, आई तव्यावर पीठ सोडत असते आणि मेबल स्वयंपाकघरात येऊन म्हणते, "माझं करपवू नकोस. मला कडा मऊ हव्यात." कुणाला आश्चर्य वाटत नाही. आई तिला वाढते, बाप पेपर वाचत असतो.

"पॅनकेक म्हणजे आपलं गोड धिरडंच," हे म्हणाले.

"पुस्तकातली परत येते," मी म्हटलं. "आपली नाही यायची."

"मरण हा त्याच्या जगात एक प्रसंग आहे फक्त. त्याच्या पुढे आणखी प्रसंग असतात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ते नसतात असं नाही."

माझा विश्वास बसला नाही. पण त्या संध्याकाळी हे जेवले. तिच्यामागे पहिल्यांदाच नीट जेवले.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. लहान पोरीचं श्राद्ध घालत नाहीत. वन्सं म्हणाल्या, एखाद्या कुमारिकेला जेवू घाला, झालं. पण मला दुसऱ्याची पोर त्या पाटावर बघवेना. मग तिथीला मी गुळाची धिरडी करायची, आणि मी चुलीपाशी असताना हे समोर भिंतीशी पाट घेऊन बसायचे आणि ते प्रकरण मराठीत करून वाचायचे. बघता बघता मला ते तोंडपाठ झालं. आई पीठ सोडते, तवा चर्र करतो, खिडकीवर दहिवर, आणि मग "माझं करपवू नकोस." मी दर वर्षी त्या वाक्याला दाराकडे बघायचे. हे खाली मान घालून वाचत असायचे, त्यांना ते दिसायचं नाही. मला माहीत होतं की दारात कुणी नसणार. तरी बघायचे, आणि त्या एका क्षणापुरती ती तिथे असायची. लोकांना देवळात मिळतं ते मला त्या सवतीने दिलं होतं. तोंडाने मी कबूल केलं नाही, पण तिला सवत म्हणणं मी सोडलं होतं.

ह्यांनी मग त्या कादंबरीवर मराठीत पुस्तकच लिहायला घेतलं. वर्षानुवर्षं लिहीत होते. निवृत्तीच्या तोंडावर ते पुरं झालं, पुण्याच्या एका प्रकाशकाने घेतलं. त्यातलं मधलं, सगळ्यात मोठं प्रकरण "परत येणारी मुलगी". प्रकाशकाचं म्हणणं एवढंच की जिथे जिथे मूळ कादंबरीतला उतारा आहे तिथे पानाचा आकडा पाहिजे. झेरॉक्सला आकडे कुठले? मग ह्यांचा एक जुना विद्यार्थी, प्रल्हाद, तिकडे अमेरिकेत नोकरीला होता, त्याने पुस्तक धाडलं. ते उघडून मी पानं वाचायची, ह्यांनी आकडे टाकायचे, असं ठरलं. म्हणून ती दुपार.

"पुढचं."

"चारशे दहा."

"सापडलं. आता कोरं पान असेल बघ. आणि मग आपली मेबल." ह्यांचा आवाज मऊ झाला. "बर्फाचं प्रकरण. वाच."

मी कोरं पान उलटलं. पुढच्या पानावरचे पहिले शब्द मी वाचायला तोंड उघडलं आणि मला ते वाचावे लागलेच नाहीत. इंग्रजी मला अडखळत येतं, पण हे मला धडाधड कळत गेलं, कारण पुढचा प्रत्येक शब्द मला आधीच माहीत होता. आई पीठ सोडत होती. तवा चर्र करत होता. खिडकीवर दहिवर.

"वाच ना."

"एक मिनिट. दोन पानं चिकटली आहेत."

चिकटली नव्हती. मी अंगठ्याने पानं पुढे सारली. मेबल आली, माझं करपवू नकोस म्हणाली, बसली, खाल्लं. मग कोरं पान. आणि त्याच्या पुढे बर्फ.

मी पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे. काही बदललं नाही. आधी धिरडी, मग बर्फ. बर्फानंतर तारांचं प्रकरण सुरू होत होतं.

"काय झालं?"

"डोळे दुखतायत हो," मी म्हटलं. "सकाळपासून बारीक अक्षर वाचतेय. उरलेलं उद्या करू. चहा ठेवते."

"एवढं प्रकरण होऊ दे. इथेच तर आपलं सगळं आहे."

"उद्या करू म्हटलं ना."

हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी चहासाठी आपणहून उठल्याचं त्यांना काही आठवत नसावं. त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

"नका ना."

"कुमुद, दे इकडे."

मी पुस्तक छातीशी धरलं. पोरकटपणा होता तो. साठीला आलेला माणूस सतरंजीवर गुडघ्यावर पुढे सरकला आणि माझ्या हातातून हळूच पुस्तक सोडवून घेऊन पुन्हा जागेवर जाऊन बसला. मी कूलरकडे बघत राहिले.

हे पानं मागेपुढे उलटत राहिले. मग हे म्हणाले, "आवृत्ती वेगळी असेल."

"असेलच!" मी ते वाक्य झेललंच. "नवी छपाई आहे. त्या लोकांनी काहीतरी उलटसुलट केलं असेल. प्रल्हादला फोन करा, जुनी मिळते का विचारा."

"हो. तसंच." ते वाचत होते. "प्रकाशक कधीकधी करतात असं. लेखक गेल्यावर."

"मग! आणि तुमचा अमेरिकन तर मुळातच असला. त्याला कुठे क्रम लागतो?"

ह्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. मग त्यांनी मांडीवरचं तेलकट बाड उघडलं, धिरड्यांच्या प्रकरणाचं शेवटचं पान काढलं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. मी मान वळवून बघितलं. ते शेवटचं वाक्य मलाही पाठ होतं. मेबल दाराबाहेर जात असते आणि आई मागून म्हणते, टोपी घालून जा.

"लाल टोपी," हे म्हणाले.

"अहो..."

"बर्फातली टोपी. ती कुठून आली हे कुठेच सांगितलेलं नाही असं मी लिहिलंय. तिच्यावर मी आठ पानं लिहिली आहेत, कुमुद. तिला मागचा-पुढचा संदर्भ नाही, ती नुसतीच तिथे आहे, अर्थ नसलेली वस्तू, लेखकाने मुद्दाम टाकलेली. पुण्याला प्रकाशकाकडे संपादन बघणाऱ्या त्या बाईंनी ती पानं वाचून माझं कौतुक केलं." ते थांबले. "आईने घातलेली टोपी आहे ती. थंडी होती म्हणून."

मला एकदम दवाखान्याच्या पायरीवरचा फ्रॉक आठवला. निळा होता. मी तोंडावर हात ठेवला.

ह्यांनी पुस्तक पुढे वाचायला घेतलं. मला वाटलं आता ते मिटतील, पण नाही. तारांचं प्रकरण, वेळापत्रकाचं प्रकरण, त्या तळटीपांच्या तळटीपा. ती सगळी पानं ह्यांनी शंभरदा वाचली होती. आता नुसती नजर फिरवत होते, पण चेहरा असा होत चालला होता की मला त्यांना हाक मारायची भीती वाटली.

"कळली," शेवटी हे म्हणाले.

"काय?"

"कादंबरी." आवाजात काहीच नव्हतं. "मी समजत होतो पुढची तीनशे पानं म्हणजे खेळ आहे. विनोद, कोडी, भाषेची मस्ती. मेबलचं नाव त्या तीनशे पानांत एकदाही येत नाही. मी लिहिलं, ती परत आली, आता ती सगळ्यांसारखी झाली, म्हणून वेगळं नाव घ्यायची गरज नाही. कुमुद, ती मेलेली आहे. बाप तिच्याबद्दल बोलू शकत नाही. म्हणून तो तारा धाडतो, वेळापत्रकं लिहितो, तळटीपा घालतो. तीनशे पानं तो फक्त तिच्याबद्दल न बोलण्यासाठी बोलतोय. ह्यात काही अवघड नाही. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो कोरडाच फिरत होता. मला एवढंच दिसत होतं की माझ्यासमोर एक माणूस बसलाय ज्याने पोर गेल्यापासून आजपर्यंत तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही. ह्यांच्या बोलण्यात ती कायम "ती" असायची. ती परत येते. तिची तिथी. तिला आवडायची तशी कर. आणि त्या न घेतलेल्या नावावर ह्यांनीही एक जाड पुस्तक लिहिलं होतं. हे त्यांनाही दिसलं असणार. ह्यांच्यासारख्या माणसाला ते न दिसणं शक्यच नव्हतं.

"मीच लावले होते गठ्ठे," हे म्हणाले. "वाचून वाचून लावले. गाढव मी. मेल्यावर जेवायला येत नाही कुणी, एवढंही मला..."

आणि त्याच वेळी मला ते आठवलं. इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

"तुम्ही नाही लावला तो," मी म्हटलं.

"काय?"

"तो गठ्ठा. तुम्ही सगळे गठ्ठे ओळीने मांडले होते आणि एक सापडत नव्हता. तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं. तो केतकीने मागच्या ओसरीत नेला होता, बाहुलीला जेवायला बसवायला. पाट म्हणून. मी तिला दटावलं, तशी ती तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली. तुम्ही तेव्हा नूरभाईशी दारात बोलत होतात. मी विचारलं, अगं कुठला होता हा? तर म्हणाली, हा ह्याच्या नंतर. आणि खुपसला तिने ओळीत. मी स्वतः बघितलंय." माझा आवाज चढला होता, मला ते थांबवता येत नव्हतं. "अहो, तिने ठेवलाय तो तिथे. तुमच्या अमेरिकनाने नाही. केतकीने. मेबलला परत तिने आणलंय."

मला वाटलं, आता हे वर बघतील. मला काय काय वाटलं ते आज सांगायलाही लाज वाटते. ज्या माणसाने एकेका स्वल्पविरामातून अर्थ काढला, एका टोपीवर आठ पानं लिहिली, त्याला मी ह्या पुस्तकातली एकच खरी गोष्ट आणून देत होते. घ्या, ही तुमची. हिच्यातून काढा काय काढायचं ते. मी पदर पसरायचाच बाकी ठेवला होता.

हे माझ्याकडे बघत होते. दयेने बघत होते, तेच मला सहन होईना.

"केतकीला काय कळत होतं गं," हे म्हणाले. "सहा वर्षांची पोर. कुठेतरी ठेवायचा म्हणून ठेवला तिने."

नाव घेतलं ह्यांनी. इतक्या वर्षांनी घेतलं, आणि ह्या वाक्यात घेतलं.

पुढचं सगळं नंतर झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पुण्याला फोन करून हस्तलिखित परत मागवलं. त्या बाई समजूत घालत होत्या, एक प्रकरण बदला, बाकीचं उत्तम आहे. हे म्हणाले, बाकीचं त्याच प्रकरणावर उभं आहे. पुस्तक कधी निघालं नाही. त्या वर्षी तिथीला मी पीठ भिजवलं, हे स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत, आणि मी ते पीठ तसंच मोरीत ओतलं. निवृत्तीनंतर हे सहा-सात वर्षं होते. सकाळी फिरायला जायचे, पेपर वाचायचे, कुणी इंग्रजीतलं काही विचारलं तर नीट सांगायचे. कादंबरी म्हणून काही हातात धरली नाही. आता हेही नाहीत. ह्यांच्या तिथीला मी रीतसर करते ते सगळं, भटजी येतात, पानं मांडतात.

पण त्या दुपारी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी रडत होते आणि मला वाटत होतं की हे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवतील. हे उठले आणि न्हाणीघरात गेले. परत आले तेव्हा हातात दाढीचं ब्लेड होतं. मी अर्धवट उठले, पण ते सतरंजीवर बसले आणि त्यांनी बाड उघडून पालथं घातलं.

"हे काय करताय?"

"चुकीचं बांधलेलं आहे."

"राहू दे ना," मी म्हटलं. "तुमचं पुस्तक तुम्हाला काय करायचं ते करा. हे राहू दे. हे घरातच राहणार आहे, कोण बघायला येतंय? अहो, मी हात जोडते. हे असंच राहू दे."

ह्यांनी माझं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, क्षणभर थांबलेही. मग नूरभाईने शिवलेला दोरा ब्लेडने एकेक करून कापत गेले. दोरा पक्का होता, कापताना टचटच आवाज येत होता. तेलाचा जुना वास खोलीभर सुटला. पुठ्ठा सुटला, पानं सैल झाली. त्यातला एक गठ्ठा ह्यांनी अलगद बाहेर काढला आणि तो खाली पसरू नये म्हणून, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून, माझ्या मांडीवर ठेवला.

"धर जरा."

मी दोन्ही हातांनी पोटाशी धरला. फार जड नव्हता. कडेला तेलाचा डाग होता आणि वरच्या पानावर आई तव्यावर पीठ सोडत होती. ह्यांनी बर्फाच्या प्रकरणाच्या आधी जागा केली, दोन्हीकडची पानं ठोकून सारखी केली, चष्मा वर सरकवला आणि हात पुढे केला.

"दे इकडे," हे म्हणाले.

मी दिला.